विज्ञान बदलते म्हणजे नेमके काय होते?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात पाहुण्याने चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि आपल्या जागी जाऊन बसावे, असा रिवाज आहे. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा उपदेशाची सवय मला पुरेपूर आहे. परंतु आज मी उभा आहे तो एका पालकाच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास. त्यांनी विचारले त्या दिवशी मला ते नीट देता आले नव्हते.

दहावीचा निकाल लागल्यावर एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरी आले. त्यांचे शिंपीकामाचे दुकान आहे. मुलीला गुण चांगले पडले होते आणि तिला विज्ञान शाखेकडे जावयाचे होते. वडिलांचे मन तयार होत नव्हते. ते म्हणाले, "सर, मी शाळेत नऊ ग्रह पाठ केले. एकदा प्लूटो विसरलो म्हणून मास्तरांची छडी खाल्ली. आता ही म्हणते, ग्रह आठच. म्हणजे ज्याच्यासाठी मी मार खाल्ला तो ग्रहच नव्हता! उद्या हिची मुले म्हणतील, सातच. जी विद्या दर वीस वर्षांनी आपला शब्द फिरवते तिच्यावर पोरीची पाच-सात वर्षे आणि माझ्या दुकानाची कमाई का घालू?"

मी हसलो, चहा मागवला आणि "विज्ञान प्रगती करीत असते" असे काहीतरी मोघम बोललो. ते उठून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. विज्ञान बदलते हे खरेच आहे. मग त्याच्यावर विश्वास का ठेवावा? पालकहो, हाच प्रश्न गेल्या शतकात मोठमोठ्या विचारवंतांनीही विचारला. विज्ञानातील सिद्धांत कसे जन्मतात, कसे जुने होतात आणि त्यांची जागा दुसरे कसे घेतात, याचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र ज्ञानशाखाच आहे. तिला विज्ञानाचे तत्त्वज्ञान म्हणतात आणि विज्ञानाच्या इतिहासावाचून तिचे पान हलत नाही. म्हणून मीही आधी इतिहास सांगतो.

शंकांचे पुस्तक

इ. स. १५० च्या सुमारास मिसर देशातील अलेक्झांड्रिया येथे टॉलेमी यांनी ग्रहांच्या गतीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. अरब लोक त्यांना बतलमियूस म्हणत आणि त्या ग्रंथाला अल-मजिस्ती. नवव्या शतकात बगदादमध्ये तो अरबीत उतरला. पृथ्वी मध्यभागी स्थिर. प्रत्येक ग्रह एका लहान वर्तुळावर फिरतो आणि त्या लहान वर्तुळाचे केंद्र पृथ्वीभोवतीच्या मोठ्या वर्तुळावर फिरते, अशी ती रचना होती. आज आपण तिला चूक म्हणतो. पण ती रचना चालत होती, हे विसरू नका. अमुक महिन्यात मंगळ कोणत्या राशीत दिसेल हे तिच्यावरून काढता येई आणि ते बऱ्याच अंशी बरोबर निघे. चौदाशे वर्षे विद्वानांनी ती वापरली, ती त्यामुळेच.

मात्र गणित जुळावे म्हणून टॉलेमी यांना एक युक्ती करावी लागली होती. मोठ्या वर्तुळावरची गती त्याच्या केंद्रापासून मोजली तर एकसारखी येत नसे. केंद्रापासून थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या एका काल्पनिक बिंदूपासून मोजली तरच ती एकसारखी येई. इब्न अल-हैसम यांनी या जागेवर बोट ठेवले. त्यांचा जन्म ९६५ च्या सुमारास बसऱ्यास झाला आणि उत्तर आयुष्य कैरोत गेले. प्रकाशावरचा त्यांचा ग्रंथ पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. त्यांचे दुसरे एक पुस्तक आहे, 'अश-शुकूक अला बतलमियूस', म्हणजे टॉलेमींविषयीच्या शंका. 'शक' हा शब्द आपण रोज वापरतो. त्याचेच अनेकवचन 'शुकूक'.

त्यांची शंका मी आपल्या रहाटाच्या भाषेत सांगतो. रहाटाचे चाक एकसारखे फिरते ते आपल्या आसाभोवती. आस एकीकडे आणि एकसारखेपणा मात्र दूरच्या खुंटीवरून मोजायचा, असा रहाट कोणता सुतार बनवील? आकाशातील गोल खरोखरच आहेत असे म्हणावयाचे असेल तर ते असे फिरणे शक्य नाही, असे इब्न अल-हैसम यांचे म्हणणे. आकडे बरोबर येतात एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. विशेष म्हणजे टॉलेमी यांच्याविषयी त्यांना मोठा आदर होता. त्यांच्याही आधी हकीम अर-राझी यांनी जालीनूस यांच्या वैद्यकावर असेच शंकांचे पुस्तक लिहिले होते. ज्याचा ग्रंथ मन लावून वाचावा त्याच्यावरच शंका लिहावी, ही त्या काळच्या विद्वानांची रीत होती. सत्य शोधणाऱ्याने वाचताना ग्रंथाचा विरोधक व्हावे आणि स्वतःवरही संशय घ्यावा, असा इब्न अल-हैसम यांच्या सांगण्याचा आशय आहे.

शंका निघाली म्हणून रचना लगेच कोसळली नाही. १२५९ मध्ये इराणातील मराघा येथे वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख नासिरुद्दीन तूसी यांनी एक सुंदर गणिती युक्ती शोधली. एका वर्तुळाच्या आतल्या कडेने, त्याच्या निम्म्या व्यासाचे वर्तुळ घरंगळत नेले, तर लहान वर्तुळाच्या कडेवरचा बिंदू चक्क सरळ रेषेत मागेपुढे जातो. मुलांनो, घरी करून पाहा. जाड पुठ्ठ्यात वीस सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक पाडा, दहा सेंटिमीटर व्यासाची चकती त्याच्या कडेने न घसरता फिरवा आणि चकतीच्या कडेला पेन्सिलीचे टोक लावून ठेवा. रेघ सरळ उमटेल.

चौदाव्या शतकात दमास्कस येथे इब्न अल-शातिर होऊन गेले. तेथील उमय्यद मशिदीत ते मुवक्कित होते, म्हणजे आकाशाचे वेध घेऊन नमाजाच्या वेळा ठरविणारे ज्योतिर्विद. टॉलेमींच्या रचनेप्रमाणे चंद्र महिन्यातील काही दिवस जवळजवळ दुप्पट मोठा दिसावयास हवा होता. तो तसा दिसत नाही, हे शेतात निजणाऱ्या माणसालाही ठाऊक असते. इब्न अल-शातिर यांनी चंद्राची नवी रचना मांडली आणि ती अडचणीची काल्पनिक खुंटीही काढून टाकली. पुढे १५४३ मध्ये पोलंडच्या कोपर्निकस यांचा ग्रंथ निघाला आणि सूर्य मध्यभागी आला. त्या ग्रंथात तूसींची युक्ती आहे, आणि त्यातील चंद्राची रचना गणिताच्या दृष्टीने इब्न अल-शातिर यांचीच आहे. १९५७ मध्ये व्हिक्टर रॉबर्ट्स या अभ्यासकाने हे साम्य जगापुढे मांडले. हे ज्ञान कोणत्या वाटेने युरोपात गेले, याविषयी अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे.

हे ऐकताना आपली छाती फुगते. फुगू द्या. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, इब्न अल-शातिर यांनीही पृथ्वी मध्यभागीच ठेवली होती; ती हलविण्याचे पाऊल त्यांनी टाकले नाही. दोन, आपल्या सभांतून "सगळे शोध आमच्याच बुजुर्गांनी लावले" असे टाळ्यांचे वाक्य नेहमी येते. ज्या बुजुर्गांनी आपल्या उस्तादांच्या ग्रंथांवर शंकांची पुस्तके लिहिली, त्यांचे नाव घेऊन आपण शंकाच बंद करावी, हे त्यांना आवडले नसते.

कोपर्निकस यांनीही वर्तुळे सोडली नव्हती. टायको ब्राहे यांनी दुर्बीण नसताना वर्षानुवर्षे ग्रहांचे वेध घेतले, आणि ते वेध योहानेस केप्लर यांच्या हाती आले. मंगळाची कक्षा वर्तुळांनी बसवून पाहताना केप्लर यांना ८ कलांचा फरक आढळला. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे ३० कला असते, तेव्हा हा फरक तिच्या चतुर्थांशाएवढा. दुसऱ्या एखाद्याने तो सोडून दिला असता. टायको यांचे वेध इतके चुकणार नाहीत, अशी केप्लर यांची खात्री होती. त्यांनी दोन हजार वर्षांची वर्तुळे सोडून दिली आणि १६०९ मध्ये ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे मांडले.

आता त्या शिंपी गृहस्थांसाठी एक गोष्ट सांगतो. इब्न अल-शातिर यांनी १३७१ मध्ये उमय्यद मशिदीसाठी एक सूर्यघड्याळ बनविले. पृथ्वी स्थिर आणि सूर्य फिरता, असे मानणाऱ्या माणसाने ते बनविले. पुढे पृथ्वीच फिरते हे सगळ्या जगाने मान्य केले. त्यामुळे दमास्कसमधली माध्यान्हीची सावली केसभर तरी सरकली काय? नाही. सूर्य कोठून उगवतो, सावली किती लांब पडते, दिवस केव्हा मोठा होतो, हे जे पाहून आणि मोजून ठेवले होते ते तसेच राहिले. बदलले ते त्यामागचे स्पष्टीकरण. आणि नव्या स्पष्टीकरणाला पहिली अट हीच होती की जुनी मापे त्यात बसली पाहिजेत.

बदलाचा अभ्यास करणारे

इतिहास सांगितला. आता त्याचा अर्थ लावणाऱ्या तिघांची ओळख करून देतो.

पहिले कार्ल पॉपर. यांचा जन्म १९०२ मध्ये व्हिएन्नात झाला. ते सतरा वर्षांचे होत होते त्या १९१९ साली, २९ मे रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकेल, याचा आकडा आइन्स्टाइन यांनी आधीच सांगून ठेवला होता. इंग्रज ज्योतिर्विदांनी ग्रहणाचे फोटो घेऊन तो पडताळला. पॉपर यांच्या मनावर बिंबले ते हे, की या माणसाने आपली मान पुढे केली होती. माप वेगळे आले असते तर सिद्धांत खोटा ठरला असता. १९३४ मध्ये त्यांनी आपले मत पुस्तकरूपाने मांडले. जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरूच शकत नाही, ते विज्ञानाचे विधान नव्हे. विज्ञानाने धाडसाने बोलावे आणि स्वतःची परीक्षा कठोरपणे घ्यावी. या दृष्टीने पाहिले तर शब्द बदलावा लागणे ही विज्ञानाची नामुष्की राहत नाही. तोच त्याचा प्रामाणिकपणा ठरतो.

दुसरे अमेरिकेचे टॉमस कून. हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९४७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या निमित्ताने त्यांनी ॲरिस्टॉटल, म्हणजे आपले अरस्तू, वाचावयास घेतले. गतीविषयी इतका हुशार माणूस इतके चुकीचे कसे लिहितो, हे त्यांना कळेना. मग एकदम उलगडा झाला. अरस्तू यांच्या लेखी 'गती' या शब्दात सगळेच बदल येत होते: दगड पडणे, बी रुजणे, आजारी माणूस बरा होणे. तो अर्थ धरून वाचले की पुस्तक सुसंगत वाटू लागले. कून यांनी त्यातून धडा घेतला, की जुन्यांना मूर्ख म्हणण्याआधी त्यांच्या चौकटीत शिरून पाहावे.

१९६२ मध्ये त्यांचे वैज्ञानिक क्रांत्यांवरील पुस्तक आले आणि त्यातला 'पॅराडाइम' हा शब्द जगभर गेला. हा शब्द मूळचा व्याकरणातला. संस्कृत घेणारी मुले 'देव' शब्द चालवितात आणि त्याच नमुन्यावर इतर शब्द चालवितात. मदरशात अरबी शिकणारी मुले 'फअला'ची गर्दान पाठ करतात आणि त्याच साच्यात बाकीची क्रियापदे घालतात. कून यांच्या मते शास्त्रज्ञही असेच शिकतो. एक नमुनेदार यश पुढे ठेवलेले असते आणि त्याच्या साच्याने तो पुढची कोडी सोडवितो. बहुतेक काळ विज्ञान असे शांतपणे चाललेले असते. मग काही गोष्टी साच्यात बसेनाशा होतात. अशा विसंगती साचल्या की पेचप्रसंग येतो, नवा नमुना पुढे येतो आणि शेवटी चौकटच बदलते. कून यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. क्रांती झाली की पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली जातात, आणि क्रांती झाली होती हेच त्यांतून पुसले जाते. विद्यार्थ्याला वाटते, हे पहिल्यापासून असेच होते.

कोडे कोठे संपते?

पॉपर म्हणतात, माप विरुद्ध गेले की सिद्धांत टाका. ऐकावयास हे सोपे वाटते. पण एक खरी हकीकत ऐका.

१७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांना युरेनस सापडला. पुढे त्याची चाल न्यूटन यांच्या नियमांप्रमाणे येईना. शास्त्रज्ञांनी न्यूटनना टाकले काय? नाही. फ्रान्सचे उर्बँ ल व्हेरिए यांनी हिशेब मांडला की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असावा आणि तो युरेनसला ओढत असावा. त्यांनी जागा सांगितली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. न्यूटन यांचा केवढा विजय!

त्याच ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये दाखविले की बुधाची चालही किंचित चुकते. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकतो, आणि त्यातील काही भागाचा हिशेब लागत नाही. हा भाग शतकात सुमारे ४३ विकला इतका असल्याचे पुढे निश्चित झाले. एवढ्या वेगाने एक अंश सरकावयास आठ हजारांहून अधिक वर्षे लागतील. ल व्हेरिए यांनी तीच किल्ली पुन्हा लावली. सूर्याजवळ आणखी एक ग्रह असला पाहिजे. त्याला 'व्हल्कन' असे नावही मिळाले. तो पाहिल्याचे दावे झाले, ग्रहणांच्या वेळी शोध झाले. ल व्हेरिए १८७७ मध्ये वारले, पण व्हल्कन सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, आणि त्या ४३ विकला त्यातून आपोआप निघाल्या.

विचार करा. माणूस तोच, बुद्धी तीच, रीतही तीच. एकदा त्याच रीतीने ग्रह सापडला आणि एकदा नवा सिद्धांत लागला. कोडे जुन्या चौकटीत सुटणार की चौकटच मोडावी लागणार, हे आधी सांगणारे सूत्र कोणाजवळ नाही.

येथे तिसरे नाव येते. हंगेरीत जन्मलेले आणि पुढे लंडनमध्ये शिकविणारे इम्रे लाकातोश. ते १९७४ मध्ये वारले. ते म्हणाले, एकाच सिद्धांताकडे एका दिवसापुरते पाहू नका. संशोधनाची सगळी वाटचाल पाहा. तिच्या गाभ्यात काही मूळ कल्पना असतात आणि भोवती कुंपणासारखी साहाय्यक गृहीतके असतात. अडचण आली की शास्त्रज्ञ आधी कुंपण दुरुस्त करतो. त्यात गैर काही नाही. पाहावयाचे ते एवढेच, की त्या दुरुस्तीतून नवे काही सापडते, की नुसती लाज झाकली जाते? नेपच्यूनने नवा ग्रह दिला. व्हल्कनने नुसत्या सबबी दिल्या. शिंपी गृहस्थांना हे पटेल. कापडाला एक ठिगळ लागले तर कोणी कपडा टाकत नाही. पण दर महिन्यास ठिगळ लागू लागले, तर नवे कापड बेतावे लागते.

काहींनी कून यांचा अर्थ असा लावला, की विज्ञान म्हणजे जास्त लोकांचे मत. आज हे, उद्या ते. कून यांना हे मान्य नव्हते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी चांगल्या सिद्धांताच्या पाच कसोट्या सांगितल्या: मापाशी तो अचूक जुळावा, त्यात आपापसात विसंगती नसावी, त्याची व्याप्ती मोठी असावी, तो साधा असावा आणि त्यातून पुढची नवी कामे निघावीत. दोन शास्त्रज्ञ यांतील कोणत्या कसोटीला किती वजन देतात, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. मनमानीला मात्र तेथे जागा नाही.

असा मतभेद आपल्या महाराष्ट्रानेही पाहिला आहे. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी होते. हॉइल आणि त्यांचे सहकारी यांनी १९४८ मध्ये 'स्थिर स्थिती'चा सिद्धांत मांडला होता. विश्वाला एका स्फोटातून आरंभ झाला, हे त्यांना मान्य नव्हते. १९६५ मध्ये सर्व आकाशातून येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर शेवटपर्यंत पर्यायी विचार मांडत राहिले. त्यांचे मत बहुतेकांनी स्वीकारले नाही. तरी पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'आयुका' या संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले, आणि मराठीतून मुलांसाठी लिहीत राहिले. २०२५ मध्ये ते वारले. ज्याचे म्हणणे मान्य नाही त्यालाही ज्या घरात आदराची जागा मिळते, ते घर आपल्या चुका दुरुस्त करू शकते.

प्लूटोचे काय झाले?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्लूटो १९३० मध्ये सापडला आणि नववा ग्रह म्हणून मोजला गेला. १९९२ पासून नेपच्यूनच्या पलीकडे आणखी बर्फाळ गोल सापडू लागले. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस तर जवळजवळ प्लूटोएवढा होता. प्लूटो ग्रह असेल तर एरिस का नाही? आणि मग उद्या सापडतील त्यांचे काय? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरविली आणि प्लूटो बटुग्रहांत गेला. हे पहिल्यांदा घडले नव्हते. १८०१ मध्ये सापडलेला सेरेस पन्नासएक वर्षे ग्रह म्हणून पुस्तकात होता. त्याच्यासारखे आणखी अनेक सापडल्यावर त्याला लघुग्रह म्हणू लागले.

आणि आता गंमत पाहा. 'न्यू होरायझन्स' हे अमेरिकेचे यान १९ जानेवारी २००६ रोजी प्लूटोकडे निघाले, तेव्हा प्लूटो ग्रह होता. १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोजवळून गेले, तेव्हा तो ग्रह नव्हता. म्हणून काय यानाची वाट चुकली? साडेनऊ वर्षांचा प्रवास करून ते नेमके जागेवर पोहोचले. प्लूटो कोठे आहे हे मोजलेले ज्ञान होते, ते टिकले. त्याला काय म्हणावे, ही आपली मांडणी होती; ती सुधारली.

न्यूटन यांचेही तेच. आइन्स्टाइन आले म्हणून न्यूटन कचऱ्यात गेले नाहीत. पूल, यंत्रे आणि बहुतेक यानांचे मार्ग आजही त्यांच्याच नियमांनी बेतले जातात. पण तुमच्या खिशातल्या फोनवर वाट दाखविणारा नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांहून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताप्रमाणे ती दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात कित्येक किलोमीटरची चूक साचेल. बुधाच्या ४३ विकला ज्या सिद्धांताने उलगडल्या, तोच आज आपल्याला घरचा रस्ता दाखवितो.

म्हणून त्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे. विज्ञान शब्द फिरवीत नाही. ते शब्द का बदलला याचा हिशेब चारचौघांत देते. शब्द फिरविणारा कारण लपवितो. विज्ञान कारण छापून ठेवते, म्हणजे उद्या तुमची मुलगी ते तपासू शकेल. तिने आठ ग्रह पाठ करावेत म्हणून तिला विज्ञान शिकवू नका. तेवढे फोनवरही मिळेल. आठ का, हे तिला विचारता यावे, मोजता यावे, आणि सबळ कारण सापडले तर स्वतःचे मत बदलता यावे, यासाठी शिकवा. ही विद्या पुस्तक बदलले तरी जुनी होत नाही.

शेवटी स्वतःची एक चूक कबूल करतो. १९९४ च्या सुमारास मी ग्रहमाला शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याने वर्तमानपत्रात वाचले होते, की सध्या प्लूटो नेपच्यूनच्या कक्षेच्या आत आला आहे. ते खरेच होते. १९७९ पासून १९९९ पर्यंत प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तो म्हणाला, "सर, मग आज नववा कोण? आणि ज्याची वाट दुसऱ्याच्या वाटेत शिरते तो बाकीच्यांसारखा कसा?" बारा वर्षांनी प्रागमध्ये शास्त्रज्ञ ज्या गोष्टीवर भांडले, तिच्या अगदी जवळ त्या मुलाने बोट ठेवले होते. मी म्हणालो, "परीक्षेत नऊच लिहायचे. बस खाली." वर्ग हसला. तो बसला. पुढे दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता, पण त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले. आज तो आखातात नोकरीला आहे आणि सुटीत आला की मला आदराने सलाम करतो. तो सलाम घेताना मला संकोच वाटतो.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी जेवताना "अब्बा, हे असे का?" म्हणून विचारील, तेव्हा उत्तर ठाऊक नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू" एवढे म्हणा. शिक्षक मित्रांनो, नव्या पुस्तकात काय बदलले ते तर शिकवाच. का बदलले तेही पाच मिनिटे सांगा. विद्यार्थ्यांनो, वडीलधाऱ्यांचा आणि ग्रंथांचा आदर ठेवा, आणि आदर ठेवून शंका विचारा. इब्न अल-हैसम यांनी ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांच्याविषयीच शंकांचे पुस्तक लिहिले.

ते शिंपी गृहस्थ आज या सभागृहात आहेत की नाहीत, मला दिसत नाही. असतील तर त्यांनी मुलीला घेऊन पुन्हा घरी यावे. चहा तयार ठेवीन, आणि या खेपेस आधी मुलीचे ऐकून घेईन.